सपाट कोर्सच्या नादाला लागण्याआधी: अजिंक्यपदाच्या स्लॉटसाठी लांब पल्ल्याची ट्रायथलॉन निवडताना

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही सायकल ग्रुपमध्ये आयर्नमॅनचा (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ असलेल्या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा) विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘सपाट कोर्स बघ, टायमिंग भारी येईल.’ टायमिंग येईलही. पण तो रस्ता तुमच्या एकट्यासाठी सपाट नसतो. शेजारच्या रांगेत उभा असलेला जर्मन किंवा ऑस्ट्रेलियन गडीही त्याच रस्त्यावरून जाणार असतो, आणि सपाटीवर ताशी ३७ किलोमीटरनं पाच तास बसून राहायची त्याला बारा महिने सवय असते. शर्यत पुरी करायची असेल तर घड्याळाशी झुंज असते. स्लॉट, म्हणजे जागतिक अजिंक्यपदात उतरायची जागा, हवा असेल तर त्या दिवशी आलेल्या माणसांशी. त्यामुळे ‘सर्वांत वेगवान शर्यत कुठली’ हा प्रश्न बाजूला ठेवा. कोणत्या शर्यतीत आपलं नुकसान कमीत कमी आणि बाकीच्यांचं जास्तीत जास्त होईल, ते शोधायचं आहे.

कुठलं अजिंक्यपद, ते आधी ठरवा

पूर्ण अंतर म्हणजे ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि ४२.२ किमी धावणं. अर्धं अंतर म्हणजे १.९, ९० आणि २१.१. हे तीन आकडे मैलांत मिळवले की ७०.३ होतात, म्हणून त्या शर्यतीला तेच नाव. दोन्हींची जागतिक अजिंक्यपदं वेगळी आणि तिकडे जायच्या वाटाही वेगळ्या.

पूर्ण अंतराची स्पर्धा १९७८ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर सुरू झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली. १९८१ पासून ती ‘बिग आयलंड’वरच्या कोनाला गेली आणि तेच नाव जगभर चिकटलं. २०२३ ते २०२५ अशी तीन वर्षं स्त्री आणि पुरुष यांच्या स्पर्धा कोना आणि फ्रान्समधलं नीस यांत आलटून पालटून वाटल्या होत्या. २०२६ पासून दोन्ही पुन्हा कोनात, ऑक्टोबरमध्ये. ७०.३ चं अजिंक्यपद मात्र दरवर्षी गाव बदलतं: २०२४ ला न्यूझीलंडमधलं टाउपो, २०२५ ला स्पेनमधलं मार्बेया, २०२६ ला नीस.

इथे नवशिक्यांचा एक गोंधळ नेहमी होतो. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ पासून होणारी गोव्याची शर्यत ७०.३ ची आहे. तिथे वयोगटात पहिले आलात तरी कोनाचं दार उघडत नाही, ७०.३ च्या अजिंक्यपदाचं उघडतं. कोनासाठी पूर्ण अंतराची शर्यत लागते, आणि त्यासाठी देशाबाहेर जावं लागतं. सिंधुदुर्गातल्या माणसाला मिरामार दोन-तीन तासांवर आहे, व्हिसा नको, सायकल गाडीच्या टपावर जाते. पहिलं लक्ष्य ७०.३ ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं. पहिल्याच पूर्ण अंतराच्या शर्यतीत स्लॉटचं गणित मांडणारे बहुतेक जण तिसाव्या किलोमीटरला चालत असतात.

स्लॉट वाटायची पद्धत

२०२६ च्या अजिंक्यपदांसाठी ही पद्धत २०२५ च्या मध्यापासून बदलली, आणि जुने सल्ले तिथेच शिळे झाले. पूर्वी वयोगटातल्या स्पर्धकांच्या संख्येनुसार त्या गटाला स्लॉट मिळायचे. आता प्रत्येक वयोगटाच्या विजेत्याला एक स्लॉट थेट मिळतो. त्यानं नाकारला तर दुसऱ्याला विचारतात, मग तिसऱ्याला. तिघांनाही नको असेल तर तो सामाईक साठ्यात जातो. हा साठा आता स्त्रियांचा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा असतो, आणि त्यातले बाकीचे सगळे स्लॉट वयानुसार समायोजित केलेल्या वेळेवर वाटले जातात: तुमची वेळ गुणिले तुमच्या वयोगटाचा ठरलेला गुणांक. हे गुणांक अजिंक्यपदातल्या मागच्या काही वर्षांच्या निकालांवरून काढलेले आहेत.

समजा एका गटाचा गुणांक ०.९५ आणि त्याहून मोठ्या वयाच्या गटाचा ०.९० आहे (आकडे फक्त समजण्यापुरते). पहिल्या गटातला माणूस १० तास ३० मिनिटांत आला, म्हणजे ६३० मिनिटं. त्याची समायोजित वेळ ५९८.५ मिनिटं, ९:५८:३०. दुसरा ११ तासांत आला, ६६० मिनिटं. समायोजित वेळ ५९४ मिनिटं, ९:५४. अर्धा तास मागून आलेला काका यादीत पुढे बसला. शर्यत चालू असताना ‘आपल्या वयोगटात कितवा’ हे विचारून आता पुरेसं कळत नाही, ते यासाठीच.

गुणांकांचं कोष्टक आणि त्या शर्यतीला किती स्लॉट आहेत हे आयोजकांच्या अधिकृत पानावर असतं. दोन्ही गोष्टी नोंदणीच्या दिवशी वाचा, कारण नियमांची डागडुजी मधल्या काळातही होत असते.

या पद्धतीतून दोन वाटा निघतात. एक, वयोगट जिंकणं. गट जेवढा लहान तेवढं हे सोपं, त्यामुळे साठीच्या पुढचे पुरुष आणि पन्नाशीपुढच्या स्त्रिया यांनी मोठ्या, प्रतिष्ठेच्या शर्यतींकडे पाठ फिरवून दूरच्या, कमी गर्दीच्या शर्यती बघाव्यात. गटात तीनच जणी असतील तर कटऑफच्या (ठरलेल्या वेळमर्यादेच्या) आत पोचणं हेच अर्धं काम. दोन, सामाईक साठा. तिशी-चाळिशीतल्या पुरुषांना बहुधा हीच वाट. तिथे शर्यतीत एकूण किती दमदार माणसं उतरतात हेच महत्त्वाचं. खंडीय अजिंक्यपदाचा दर्जा असलेल्या शर्यतींत स्लॉट जास्त असतात म्हणून लोक धावतात, पण तिथे येणारी माणसंही स्लॉटसाठीच आलेली असतात. स्लॉटांची संख्या नुसती बघू नका. तिला मागच्या वर्षी शर्यत पुरी केलेल्यांच्या संख्येनं भागा, आणि वरच्या दहा टक्क्यांचा वेग बघा.

वयाची एक बारीक गोष्ट. वयोगट शर्यतीच्या दिवशीच्या वयावरून ठरत नाही, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला असलेल्या वयावरून ठरतो. नोव्हेंबर १९८६ चा जन्म असेल तर जून २०२६ च्या शर्यतीत तुम्ही एकोणचाळीसचेच असता, पण धावता ४०–४४ गटात. नव्या गटात पाऊल टाकायचं वर्ष हे स्लॉटसाठी सर्वांत चांगलं वर्ष. ते दुखापतीत किंवा घरच्या लग्नकार्यात घालवू नका.

तुमचं स्वतःचं पान

कोर्स बघायच्या आधी स्वतःचे तीन आकडे कागदावर लिहा: ३ किमी सलग पोहण्याचा प्रति १०० मीटर वेग, चार तासांच्या सायकलीत टिकणारी सरासरी ताकद (पॉवर मीटर नसेल तर ओळखीच्या रस्त्यावरचा वेग), आणि त्या सायकलीनंतर लगेच दीड तास धावताना राहिलेला वेग. ताज्या पायांनी मारलेल्या मॅरेथॉनचा आकडा इथे लिहू नका. तो फसवतो.

आता फरक बघा. पोहण्यात २:०० च्या वेगानं ३.८ किमीला ७६ मिनिटं लागतात, १:४५ नं साडेसहासष्ट. म्हणजे साडेनऊ मिनिटं. सायकलीवर ताशी ३० नं सहा तास, ताशी ३३ नं ५ तास २७ मिनिटं. म्हणजे ३३ मिनिटं. धावण्यात ५:४० च्या वेगानं ३ तास ५९ मिनिटं, ६:३० नं ४ तास ३४. पस्तीस मिनिटं. पोहणं अख्ख्या दिवसाच्या जेमतेम एक दशांश. पोहण्यासाठी म्हणून शर्यत निवडू नये. ज्या शर्यतीत तुमचं धावणं ५:४० वर टिकेल आणि इतरांचं ६:३० वर घसरेल, ती निवडावी.

पाणी आणि वेटसूट

पोहण्यासाठी निवडू नये म्हटलं, पण पोहण्यामुळे एखादी शर्यत वगळावी मात्र लागते. आपल्याकडचा समुद्र वर्षभर कोमट असतो, त्यामुळे कोकणातल्या पोहणाऱ्यानं वेटसूट (थंड पाण्यात घालायचा, अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) अंगात घातलेलाच नसतो. पाण्याचं तापमान २४.५ अंशांपर्यंत असेल तर वयोगटातल्या स्पर्धकांना वेटसूट चालतो. त्याच्या वर, २८.८ पर्यंत, बऱ्याच ठिकाणी ‘घालायचा तर घाला, पण स्लॉट आणि बक्षीस विसरा’ असा नियम असतो. त्याहून गरम पाण्यात पूर्ण बंदी.

वेटसूटचा सर्वांत जास्त फायदा कच्च्या पोहणाऱ्याला होतो, कारण त्याचे बुडणारे पाय वर येतात. चांगल्या पोहणाऱ्याला तितका होत नाही. म्हणून मालवण-देवबागच्या पाण्यात वाढलेल्या, लाटांतही सरळ रेषेत जाणाऱ्या माणसानं वेटसूटबंदी असलेली शर्यत घ्यावी. तिथे तलावात वाढलेले प्रतिस्पर्धी मागे पडतात. ज्याला ३.८ किमीला ८५ मिनिटं लागतात त्यानं थंड पाण्याची शर्यत घ्यावी, मात्र निदान आठ-दहा वेळा वेटसूट घालून पोहल्यावरच. हा सराव उष्ण पाण्यात करताना वीस-पंचवीस मिनिटांत थांबा, अंग तापतं. मुख्य हेतू खांद्यांना ताणाची आणि गळ्याला घट्टपणाची सवय लावणं एवढाच. थंड पाण्यात शिरल्याबरोबर श्वास आखडतो, त्याची तालीम इथे करता येत नाही. त्यासाठी तीन-चार दिवस आधी तिथे पोचून रोज पाण्यात उतरायला हवं.

समुद्रात सराव करायचा तर ऑक्टोबरअखेर ते मे. पावसाळ्यात समुद्राचं नाव काढू नका. खाडीच्या मुखाशी ओहोटी सुरू असताना पोहू नये, ओढ बाहेर घेऊन जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती नवख्यांना बरी, पाण्याची ओढ कमी असते. कमरेला रंगीत तरंगता फुगा, किनाऱ्यावर एक माणूस, आणि ज्या गावात पोहताय तिथल्या मच्छीमाराला आधी विचारणं. त्याला प्रवाह तुमच्या घड्याळापेक्षा जास्त कळतो. मालवणच्या चिवला बीचवर हिवाळ्यात सागरी जलतरण स्पर्धा होते. गर्दीत पोहायची सवय लावायला याहून जवळचं काही नाही.

सायकलचा रस्ता

सपाटीवर वाऱ्याशी लढाई असते. तिथे एकूण ताकद आणि बसण्याची ठेवण मोजली जाते, वजनदार माणूस नुकसानीत जात नाही. चढावर किलोमागे किती वॅट हे मोजलं जातं. ५८-६२ किलोच्या सडपातळ कोकणी गड्यानं ८० किलोच्या युरोपीय सायकलपटूला सपाटीवर गाठणं कठीण, चढावर शक्य. स्पेनमधली कालेया, इटलीतली चेर्विया, पश्चिम ऑस्ट्रेलियातलं बसलटन हे सपाट कोर्स. नीस आणि स्पेनचं लांझारोटे बेट हे दुसरं टोक, दोन्हींकडे सुमारे अडीच हजार मीटरची चढाई.

सपाट, गर्दीच्या कोर्सवर आणखी एक दुखणं असतं: ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्या सायकलच्या आडोशानं वारा चुकवणं. पुढच्या सायकलपासून १२ मीटरचं अंतर ठेवावं लागतं आणि त्या टप्प्यात शिरलात तर २५ सेकंदांत पुढे निघावं लागतं. दंड पाच मिनिटांचा. सारख्या वेगाचे पन्नास जण एकत्र सुटले की अंतर राखणं प्रामाणिक माणसालाही जड जातं, आणि जो राखत नाही तो तुमच्या पुढे निघून जातो.

सरावाचा प्रश्न आलाच. सागरी मार्गावर सलग दोन किलोमीटर सपाट मिळणं अवघड. आरे-वारेसारख्या ठिकाणी एक खाडी उतरून दुसरा चढ लगेच सुरू होतो. एरोबारवर (पुढे झुकून कोपरं टेकायच्या हँडलवरच्या दांड्यांवर) दोन-दोन तास न हलता बसायची सवय त्या रस्त्यावर होतच नाही, आणि सपाट शर्यतीत मान आणि कंबर शंभराव्या किलोमीटरला बोलायला लागते. मुंबई-गोवा महामार्गाचे काँक्रीटचे पूर्ण झालेले पट्टे लांब आहेत खरे, पण तिथल्या वाहतुकीत घड्याळाकडे बघत सायकल मारण्याची जोखीम कुणी घेऊ नये. सपाट शर्यत निवडायची असेल तर आठवड्यातून एक लांब सत्र घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी मारायच्या यंत्रावर), एरोबारवरूनच. चढाची निवडलीत तर आंबोली, आंबा, कुंभार्ली हे घाट आहेतच. लांब चढ अर्धा ते पाऊण तास एका लयीत चढायला शिकवतो, किनाऱ्यावरचे आखूड चढ ते शिकवत नाहीत.

ऊन आणि दमट हवा: आपलं भांडवल

इथे मात्र थोडं थांबू, कारण कोकणातल्या माणसाकडे खरंच काही वेगळं असेल तर ते हे आहे, आणि बहुतेक जण ते वापरत नाहीत.

दमट हवेत घाम येतो पण उडत नाही. अंगावरून टपकलेला घाम थंडावा देत नाही, वाफ झालेलाच देतो. सायकलीवर ताशी तीस किलोमीटरचा वारा अंगाला लागतो म्हणून त्रास कळत नाही. धावायला उतरलात की वारा संपतो आणि तिथेच थंड देशांतली माणसं कोसळतात. लंकावी (मलेशिया) आणि मेक्सिकोतलं कोझुमेल या अशा शर्यती. कोना स्वतःही तशीच: तापमान ३० च्या आसपास, वेटसूट बंद, लाव्हाच्या काळ्या दगडांतून जाणारा सावलीविना रस्ता. रत्नागिरीच्या सड्यावर मार्चच्या दुपारी कातळावरून येणारी झळ ज्याला ठाऊक आहे, त्याला ते चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

पण कोकणात राहतो म्हणजे उन्हाची सवय आहे, हा गैरसमज. रोज पहाटे पाचला धावून साडेसहाला घरी, दिवसभर एसी ऑफिस, संध्याकाळी एसी जिम असं असेल तर शरीर पुण्यातल्या माणसाइतकंच कच्चं राहतं. उष्णतेशी जुळवून घ्यायला १० ते १४ दिवसांचा सततचा संपर्क लागतो: घाम लवकर सुटू लागतो, रक्तातलं द्रव वाढतं, त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. आणि दोन-तीन आठवडे थंडाव्यात गेले की हे सगळं ओसरतं. म्हणून शर्यतीच्या आधीच्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोन-तीन सत्रं सकाळी दहा-अकराच्या उन्हात घ्या. साठ ते नव्वद मिनिटं, अगदी हलक्या वेगानं, पाणी हाताशी, सोबतीला कुणीतरी. उन्हात शहारे आले, घाम थांबला, बोलणं अडखळलं की तिथेच बसायचं, सावली आणि पाणी. ‘अजून एक किलोमीटर’ नाही.

घाम मोजा. धावायच्या आधी उघड्या अंगानं वजन: ६८ किलो. दीड तासानं अंग पुसून पुन्हा: ६६.६. मधे ७०० मिली प्यायलात. गेलेला घाम १.४ अधिक ०.७, म्हणजे २.१ लिटर. तासाला १.४ लिटर. पोट तासाला साधारण एक लिटरपर्यंतच झेपवतं, त्यामुळे ही तूट पूर्ण भरून निघणार नाही हे मान्य करून वेग ठरवावा लागतो. नुसतं पाणी ढोसणं घातक, रक्तातलं सोडियम पातळ होतं. सपाट पाव चमचा मीठ म्हणजे सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम. ज्यांच्या काळ्या टीशर्टवर पांढरे नकाशे उमटतात त्यांना लिटरमागे याहून जास्त लागतं. कोकम सरबत मीठ घालून सरावात उत्तम, पण शर्यतीत ते मिळणार नाही. टेबलावर जे पेय ठेवलेलं असेल त्याची तालीम महिनाभर आधी करा. खाण्याचं गणित सायकलीवर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं. हेही पोटाला शिकवावं लागतं, एकदम ९० वर गेलात तर धावताना शौचालयांच्या रांगेत वेळ जाईल.

तारीख: पावसाळ्याचं काय करायचं

शर्यतीच्या आधीचे बारा ते सोळा आठवडे सर्वांत मोलाचे. कोकणात जून ते सप्टेंबर समुद्र बंद, घाटात दरडी, रस्त्यावर शेवाळ. लंकावीची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते, म्हणजे तिची सगळी तयारी पावसात. हवामान जुळतं पण कॅलेंडर जुळत नाही. घरी ट्रेनर आणि जवळ तरणतलाव असेल तर हरकत नाही. बंद खोलीत, पावसाळी दमट हवेत ट्रेनर मारणं हा उष्णतेचाच सराव असतो. ट्रेनर नसेल तर लंकावी पुढच्या वर्षी.

कॅलेंडर बघून निवडायचं तर डिसेंबर ते जूनमधल्या शर्यती: बसलटन डिसेंबरात, टाउपो मार्चमध्ये, ऑस्ट्रेलियातलं केर्न्स जूनमध्ये. केर्न्सचा सायकल मार्ग समुद्राला चिकटून, आखूड चढ-उतारांचा, बाजूचा वारा खाणारा. दुपारी खारे वारे सुटल्यावर गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर सायकल मारणाऱ्याला तो परका वाटणार नाही. तिथे जूनमध्ये हिवाळा असतो, ऊन सौम्य. त्यामुळे आपलं उन्हाचं भांडवल तिथे पूर्ण चालत नाही, पण मार्च ते मे असे तीन महिने पाऊस नसलेला सराव मिळतो. आमच्या मते ट्रेनर नसलेल्यासाठी केर्न्स, ट्रेनर असलेल्यासाठी लंकावी.

ऑगस्टमध्ये स्लॉट मिळवून ऑक्टोबरमध्ये कोनाला उतरणं म्हणजे दोन पूर्ण शर्यतींत जेमतेम सात-आठ आठवडे. शरीर कदाचित सावरेल, व्हिसा सावरणार नाही.

निवडीचं कोष्टक

चार-पाच शर्यती घ्या. प्रत्येकीचे मागच्या दोन-तीन वर्षांचे निकाल उतरवून स्प्रेडशीटमध्ये टाका. वेळा सेकंदांत करा, गुणांकानं गुणा, स्त्री-पुरुषांच्या याद्या वेगळ्या करून चढत्या क्रमानं लावा. आधी प्रत्येक गटाचा विजेता वगळा, मग उरलेल्या स्लॉटांइतकी नावं मोजा. त्या शेवटच्या नावाची समायोजित वेळ ही तुमची रेषा. जिथे लांबून आलेले, आधीच पात्र झालेले किंवा हवाईचा खर्च नको असलेले लोक जास्त असतात तिथे स्लॉट खाली सरकतो, तेव्हा रेषेच्या खालच्या काही नावांवरही खूण करा. मग स्वतःची वेळ त्या कोर्सवर अंदाजा, आणि अंदाज मांडताना धावण्यात दहा मिनिटं उदारपणे वाढवा. एका वर्षाचा निकाल बघून निर्णय घेऊ नका: वादळानं पोहणं कापलेलं असतं, कधी वाऱ्यानं सगळ्यांना अर्धा तास उशीर झालेला असतो.

व्हिसा, कार्ड, परतीचं तिकीट

कोनासाठी अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि मुलाखतीची तारीख मिळायला महिनोन्‌महिने जाऊ शकतात. स्लॉट मिळाल्यावर अर्ज करू, हे चालत नाही. स्लॉटचं मनावर घेतलं त्याच आठवड्यात पर्यटक व्हिसाचा अर्ज करा. तो हातात असेल तर मेक्सिकोत वेगळ्या व्हिसाविना जाता येतं, म्हणजे कोझुमेलही आवाक्यात येतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसामुक्त प्रवेश दिला आहे, पण अशा सवलती मुदतीच्या असतात, तिकीट काढण्याआधी खात्री करा.

सायकलच्या बॅगचं वजन घरीच करा, विमान कंपनीची २३ किलोची मर्यादा चाकं आणि हत्यारांसकट सहज ओलांडली जाते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, टायरमध्ये हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्यांबद्दल कंपनीला आधी विचारायचं. डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) एक जादा घ्या. प्रवासात वाकणारा भाग तोच, आणि परक्या गावात नेमका तुमच्या फ्रेमचा हँगर मिळत नाही.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, आणि स्लॉट हातातून जातात ते इथेच. स्लॉटचं वाटप समारंभात, तुम्ही स्वतः हजर असाल तरच होतं. तो बहुधा दुसऱ्या दिवशी असतो, म्हणून परतीचं तिकीट त्या दिवशी सकाळचं नको. पैसे तिथल्या तिथे भरावे लागतात, पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही, परत मिळत नाहीत. त्यामुळे घरून निघण्याआधी कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करून मर्यादा वाढवा, आणि ओटीपी येणारा नंबर रोमिंगवर चालतोय ना ते बघा. पासपोर्ट खिशात. आपण रेषेच्या बरेच खाली आहोत असं वाटलं तरी बसून राहा, यादी कुठपर्यंत सरकेल ते शेवटचं नाव पुकारेपर्यंत कुणालाच कळत नाही. आणि पुकारणारा परदेशी माणूस ‘देवरुखकर’ किंवा ‘पेडणेकर’ याचा काय उच्चार करेल याचा भरवसा नाही. तेव्हा पडद्याकडे डोळे ठेवा आणि ओळखीसारखं काही कानावर पडलं की हात वर करा, कारण दोन-तीनदा पुकारून तो पुढच्या नावाकडे जातो.